अंडरग्राउंड रॉकचं वेड: आवाजाचं की हातोहात पोचवणाऱ्यांचं?

काळी तबकडी

रॉक ऐकणाऱ्या मंडळींत अंडरग्राउंडचा विषय निघाला की गाडी लगेच आवाजावर येते. गिटार किती खरखरीत, रेकॉर्डिंग किती कच्चं, गाणारा किती बेभान. मला स्वतःला हा आवाज जीव की प्राण आहे, तरी मला वाटतं अंडरग्राउंडची खरी ओळख तो आवाज कसा पोचला यात आहे. कंपनी दारात उभी करत नाही, रेडिओ वाजवत नाही, दुकानदार रेकॉर्ड ठेवून घेत नाही. मग वाजवणारे आणि ऐकणारे मिळून सगळा कारभार आपल्या हातात घेतात. रेकॉर्ड छापून आणायची, कव्हरं घड्या घालून चिकटवायची, झेरॉक्सवर झाईन, म्हणजे घरगुती छोटं नियतकालिक, काढायचं, पाकिटावर पत्ते लिहायचे. हे वाचलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

माझं लाडकं उदाहरण मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. ५०० पौंड उसने घेतले, न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं, पहिल्या १००० प्रती छापल्या. पुढे त्या रेकॉर्डच्या १६,००० च्या आसपास प्रती गेल्या. पण मला भावतं ते तिचं कव्हर. कोणतं गाणं कितव्या टेकला जमलं आणि त्यात किती ओव्हरडब, म्हणजे नंतर वर चढवलेले भाग, आहेत, हे त्यांनी मागे छापून टाकलं! पुढच्या वर्षी स्क्रिटी पॉलिटी या बँडने तर रेकॉर्डिंग, मास्टरिंग, छपाई असा खर्चाचा तपशीलच कव्हरवर दिला. कुणाही वाचणाऱ्याला हिशेब करता यावा, की एवढ्यात आपलीही रेकॉर्ड निघेल.

तर प्रश्न दोन. आज रात्री केलेलं गाणं सकाळी जगभर ऐकता येतं, म्हणजे पोचवण्याची अडचणच उरली नाही. मग अंडरग्राउंड उरलंय का? आणि तुमचा लाडका बँड, लेबल किंवा झाईन कोणतं? हातचं राखून लिहू नका.

निवांत

वा! खुर्ची पुढे ओढून बसलो आहे.

बेसूर

धागा झकास, पण मुद्दा पटला नाही. तुमच्या व्याख्येने व्हेल्वेट अंडरग्राउंड हा बँडच बाहेर पडतो. त्यांची पहिली रेकॉर्ड, मार्च १९६७, व्हर्व्हने काढली आणि व्हर्व्ह हे एमजीएमचं लेबल. निर्माता म्हणून नाव अँडी वॉरहॉलचं, कव्हरवर त्याचं केळं. यात घरी चिकटवलेलं काय आहे?

ते अंडरग्राउंड आहेत ते आवाजामुळे. त्यांची ड्रमवादक मो टकर उभी राहून वाजवायची. बास ड्रम आडवा ठेवलेला, हातात मॅलेट, झांजांचा वापर जवळपास नाहीच. सगळे ढोलकरी झांजा बडवत होते त्या काळात ही बाई एकसुरी ठोका धरून बसते आणि बाकीचे तिघे त्यावर हवं तिथे भरकटून येतात. जॉन केलने व्हायोलाला गिटारच्या तारा लावल्या होत्या. त्याचा तो लांबच लांब धरलेला सूर ऐका, अंगात भिनतो. हे कुठल्या टपालपेटीतून आलेलं नाही, डोक्यातून आलं आहे.

काळी तबकडी

बेसूर, मो टकरबद्दल शंभर टक्के अनुमोदन. मी ड्रम ऐकायला शिकलो तो तिच्यामुळे. पण ती रेकॉर्ड पोचली कशी ते बघा ना. कंपनीने छापली, पण तिच्यामागे जोर लावला नाही, रेडिओ तिच्या वाटेला गेला नाही. संगीतकार ब्रायन इनोने १९८२ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की तिच्या फक्त ३०,००० प्रती गेल्या, पण विकत घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला. म्हणजे पुढचं काम ऐकणाऱ्यांनीच केलं.

चौथी तार

इनोचं वाक्य सुरेख आहे, पण आकड्याबद्दल थोडं. ३०,००० हा आकडा त्याला व्हेल्वेट्सच्या लू रीडने सांगितला होता. नंतर उजेडात आलेल्या एमजीएमच्या रॉयल्टीच्या कागदानुसार फेब्रुवारी १९६९ पर्यंतच ५८,००० हून जास्त प्रती गेल्या होत्या. तेव्हाच्या मानाने हा आकडा अगदीच पडेल नाही. तरी इनोचा मुद्दा शाबूत राहतो, कारण तो विक्रीपेक्षा विकत घेणाऱ्यांबद्दल बोलत होता.

कॅसेटवेडी

मी काळी तबकडी यांच्या बाजूने. माझं सगळं ऐकणं कॅसेटवर झालं, तेही कॉपीच्या कॉपीवर. ज्यांनी ते केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक कॉपीत टेपची स्वतःची सूंऽऽ वाढते आणि वरच्या पट्टीतले आवाज पुसट होतात. चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत झांज म्हणजे नुसता फसफसाट. त्यामुळे ज्याच्याकडे मूळ डेमोवरून, म्हणजे बँडने स्वतः काढलेल्या कच्च्या टेपवरून, थेट उतरवलेली कॉपी असेल त्याला मोठा मान. प्रत्येक जण आपल्या कॅसेटींची यादी पाठवायचा, आपण खुणा करून परत पाठवायची, मग पाकीट येईपर्यंत जीव टांगणीला.

थ्रॅश मेटल याच जाळ्यातून वाढलं. मेटॅलिकाचा १९८२ चा सात गाण्यांचा डेमो टेप ट्रेडिंगमधून देशोदेशी फिरला. पहिली रेकॉर्ड १९८३ मध्ये आली, तोवर गाणी पाठ असलेले लोक तयार होते. लार्स उलरिक स्वतः पक्का टेप ट्रेडर, ब्रिटनमधल्या नव्या मेटल बँडचा पिच्छा पुरवणारा. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल बँडचा ढोलकरी आधी आपल्यासारखा यादी पाठवणारा वेडा होता. मला याचा फार आनंद होतो.

धुरळा

फसफसाटाला जोरदार अनुमोदन. काही डेमो मी इतके दिवस पाचव्या पिढीतून ऐकले की स्वच्छ आवृत्ती मिळाली तेव्हा चुकीचा बँड लावला असं वाटलं :)

रात्रपाळी

तुम्ही टपालावर आलात, मी क्ष-किरणांवर नेतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये पाश्चात्त्य जॅझ, बूगी आणि देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी उघडपणे मिळत नव्हती. रेकॉर्ड छापणं सरकारच्या हातात, साधं प्लास्टिकही मिळायची मारामार. रुस्लान बोगोस्लोव्हस्की नावाच्या तरुणाने रेकॉर्ड कोरायचं यंत्र तयार केलं आणि दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर गाणी कोरायला सुरुवात केली. कात्रीने गोल कापायचं, मध्ये सिगारेटने भोक पाडायचं. एकाच बाजूला, ७८ च्या वेगाने, जेमतेम एक गाणं. काही वेळा वाजवली की झिजून जायची. लोक म्हणायचे बरगड्यांवरचं संगीत, कारण उजेडात धरलं की कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. बोगोस्लोव्हस्की आणि त्याच्या साथीदारांच्या टोळीने आपल्या लेबलला 'सोनेरी कुत्रा' असं नाव दिलं होतं. या उद्योगापायी तो एकाहून अधिक वेळा तुरुंगात गेला आणि सुटून आल्यावर पुन्हा कोरायला बसला.

साठच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि हे थांबलं. यातलं बरंचसं संगीत रॉकही नव्हतं. पण रशियन रॉक ज्या वाटेवरून पुढे चाललं ती वाट यांनी पाडली.

चौथी तार

रात्रपाळी, जबरदस्त! पुढचा भाग मी लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

आंद्रेई त्रोपिल्लो हा माणूस लेनिनग्राडमध्ये मुलांच्या तंत्रछंद केंद्रात ध्वनिमुद्रणाचा वर्ग घ्यायचा. त्या निमित्ताने हाताशी आलेल्या यंत्रांवर त्याने अ‍ॅक्वेरियम, किनो अशा बँडचे अल्बम रेकॉर्ड केले. रिळं कॉपी व्हायची, डब्यांवर छायाचित्रं हाताने चिकटवली जायची. पुढे ज्याच्याकडे दोन टेपरेकॉर्डर तो वितरक! किनोचा पहिला अल्बम १९८२ चा. नाव '४५', कारण तो साधारण तेवढ्या मिनिटांचा होता. किनोचा गायक व्हिक्टर त्सोई याचा आवाज त्यात अगदी कोवळा आहे आणि साथीला मोजकी वाद्यं. मला नंतरच्या भरजरी किनोपेक्षा हाच अल्बम जवळचा वाटतो. त्यातला मोकळेपणा पुन्हा तसा आला नाही.

१९८६ मध्ये जोआना स्टिंगरे या अमेरिकी तरुणीने टेप देशाबाहेर काढून अमेरिकेत 'रेड वेव्ह' हा दुहेरी अल्बम आणला. अ‍ॅक्वेरियम, किनो, अलिसा आणि स्त्रान्निये इग्री, चार बँड, प्रत्येकाला एक बाजू.

बेसूर

पण मग लेनिनग्राड रॉक क्लबचं काय? १३, रुबिनस्टाईन मार्ग, मार्च १९८१ मध्ये उघडला. गाण्यांचे शब्द आधी तपासून, शिक्का मारून घ्यावे लागत आणि केजीबीची नजर असायची ती वेगळी. परवानगी घेऊन केलेलं अंडरग्राउंड कसलं?

चौथी तार

प्रश्न रास्त आहे. मी त्याकडे असं बघतो की रंगमंच सरकारच्या नजरेखाली होता, अल्बम नव्हते. क्लबात शिक्का लागायचा, रिळाला लागायचा नाही. तीच माणसं दोन्हीकडे वावरत होती. शिवाय पोटासाठी नोकरी असावीच लागे, नाहीतर आयतखाऊ म्हणून कायदा मागे लागायचा. म्हणून कितीतरी वादक रात्रीचे पहारेकरी किंवा बॉयलरवाले होते. त्सोई प्रसिद्धीच्या शिखराकडे निघालेला असताना कामचात्का नावाच्या बॉयलर खोलीत कोळसा टाकत होता. १५ ऑगस्ट १९९० ला लात्व्हियात मोटार अपघातात तो गेला, वय अवघं २८. ती बॉयलर खोली आज त्याचं संग्रहालय आहे.

शुक्राची चांदणी

शिक्क्याचा विषय निघालाच आहे तर प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्सबद्दल लिहायलाच हवं. प्राग, १९६८. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले आणि त्यानंतर लगेच हा बँड उभा राहिला. मिलान ह्लावसा बास वाजवायचा. व्हेल्वेट अंडरग्राउंड आणि फ्रँक झापा ही त्यांची दैवतं, नावही झापाच्या गाण्यावरून घेतलेलं. १९७० मध्ये व्यावसायिक परवाना गेला. परवाना नाही म्हणजे पैसे घेऊन वाजवता येत नाही, सरकारी वाद्यं परत. मग लग्नसमारंभाच्या नावाखाली, खेड्यापाड्यांतल्या कोठारांत कार्यक्रम. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्सेजवळ कार्यक्रमाला आलेल्या पोरांना पोलिसांनी झोडपून काढलं. १९७६ मध्ये धरपकड, सप्टेंबरमध्ये खटला, सार्वजनिक शांततेचा भंग हा आरोप. त्यांचा कलासल्लागार इव्हान यिरोउस याला १८ महिने शिक्षा झाली. नाटककार व्हात्स्लाव हावेल तो खटला पाहायला गेला होता. त्या खटल्याने वेगवेगळ्या कोपऱ्यांतली माणसं एकत्र आली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे मानवी हक्कांची मागणी करणारं निवेदन निघालं.

बेसूर, तुम्ही आवाजाची बाजू घेता, तर ऐका. या मंडळींनी राजकीय घोषणा दिल्या नव्हत्या. लांब केस, करकरणारा सॅक्सोफोन, घशातून ओढून काढलेलं व्हायोलिन, एवढ्यावर सत्तेचं पित्त खवळलं. आवाज स्वतःच गुन्हा ठरला. माझ्या मते काळी तबकडी आणि तुम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलताय. असला आवाज काढला म्हणूनच तो हातोहात पोचवावा लागला.

बेसूर

हे मानलं.

तिसरा कॉर्ड

उशिरा आलो, पण माझ्या नावाचा खुलासा करतोच. गिटारच्या तीन कॉर्डची आकृती आणि खाली 'आता बँड काढा' अशा अर्थाची ओळ, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते स्निफिन ग्लू या झाईनमध्ये आलं असं जिथे-तिथे लिहिलेलं असतं. ते खरं म्हणजे साइडबर्न्स नावाच्या झाईनचं, जानेवारी १९७७.

स्निफिन ग्लूचं श्रेय मात्र वेगळंच मोठं. मार्क पेरी, लंडनमधला बँकेतला कारकून. रेमोन्स हा पंक बँड ऐकून इतका पेटला की जुलै १९७६ मध्ये लहान मुलाच्या टंकयंत्रावर आणि जाड मार्करने पहिला अंक काढला, पन्नासेक प्रती. वर्षभरात हजारोंवर गेला. मग १९७७ मध्येच, ऐन भरात, त्याने तो स्वतः बंद केला आणि वाचकांना सांगितलं की तुमचं झाईन तुम्ही काढा. मला संपादक म्हणून हा माणूस थोर वाटतो. दुसऱ्याला लिहायला लावणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड.

धुरळा

थोडं अवांतर. वर बॉयलर आणि बँक आलेच आहेत, तर पोटापाण्याची यादी वाढवू. व्हेल्वेट्सचा स्टर्लिंग मॉरिसन मध्ययुगीन साहित्यात डॉक्टरेट मिळवणारा आणि ह्यूस्टनमध्ये टगबोटीचा कप्तानही. हेन्री रोलिन्स वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानाचा व्यवस्थापक होता. १९८१ मध्ये ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर पंक बँडच्या कार्यक्रमात मंचावर चढून एक गाणं गायला आणि थोड्याच दिवसांत दुकान सोडून त्यांचा गायक झाला. आणि ब्लॅक फ्लॅगच्या एसएसटी लेबलचं नाव ग्रेग गिनच्या रेडिओचे सुटे भाग विकायच्या धंद्यावरून आलं. तो शाळकरी वयातच टपालाने ते भाग विकत होता, म्हणून रेकॉर्ड टपालाने विकणं त्याला सोपं गेलं.

कॅसेटवेडी

छान यादी, पण सगळे पुरुष! धाग्यावर मो टकर सोडून बाई आलेली नाही म्हणून लिहिते.

हार्डकोरच्या कार्यक्रमात पुढे धक्काबुक्की चालायची आणि मुली मागे भिंतीला चिकटून उभ्या, हे वर्षानुवर्षं कुणाला खटकलंच नाही. १९९१ च्या सुमारास ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन डीसीमधल्या मुलींनी, बिकिनी किल, ब्रॅटमोबाइल वगैरे, हे उलटं केलं. बिकिनी किलची कॅथलीन हॅना मंचावरून मुलींना पुढे बोलवायची, पुरुषांना मागे सरकायला सांगायची आणि गाण्याचे शब्द छापलेले कागद मुलींच्या हातात द्यायची. त्यांची झाईनं बघा, त्यात बँडच्या बातम्यांपेक्षा घर, शाळा, शरीर, छळ याबद्दल जास्त आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपियात के रेकॉर्ड्सच्या लोकांनी संमेलन भरवलं, त्याची पहिली रात्र फक्त मुलींच्या बँडची.

पोचवणारे हात म्हणताना मंचापुढच्या चार फुटांत कोण उभं राहू शकतं, हेही धरा.

काळी तबकडी

कॅसेटवेडी, हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर लावायला हवा.

नवखा

नमस्कार मंडळी, वाचता वाचता पहाट झाली. मी निर्वाणा या बँडवरून इथवर आलो. पहिली रेकॉर्ड 'ब्लीच' ६०० डॉलरमध्ये झाली असं कव्हरवरच लिहिलंय, सब पॉपसारखं छोटं लेबल, १९८९. दोन वर्षांनी मोठ्या कंपनीकडून 'नेव्हरमाइंड'. मग ते मधेच अंडरग्राउंडमधून बाद झाले का?

रात्रपाळी

नवखा, स्वागत. बाद वगैरे कुणी करत नाही हो. पण कंपनीकडे गेलं की काय होतं हे समजून घ्यायचं तर ध्वनिमुद्रक आणि वादक स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्ये 'द बॅफलर' नियतकालिकात मांडलेला हिशेब शोधा. एका काल्पनिक बँडला अडीच लाख डॉलरची उचल मिळते. त्यातून स्टुडिओ, निर्माता, व्यवस्थापक, वकील, गाड्या, व्हिडिओ असं एकेक वजा होत शेवटी प्रत्येक वादकाच्या हातात चार हजारांच्या आसपास डॉलर राहतात आणि बँड कंपनीचा देणेकरी. एकेक ओळ वाचताना पोटात खड्डा पडतो.

आणि हा माणूस बोले तैसा चाले. निर्वाणाचा पुढचा अल्बम त्यानेच रेकॉर्ड केला, तेव्हा विक्रीतला टक्का नाकारला. कामाचे ठरलेले पैसे घ्यायचे, प्लंबर घेतो तसे, असं त्याने बँडला पत्रात कळवलं होतं. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला. शिकागोतल्या स्वतःच्या स्टुडिओत तो नावाजलेल्यांइतक्याच मन लावून अनोळखी पोरांचे बँड रेकॉर्ड करायचा.

बेसूर

मला अजून एक टोक दाखवायचं आहे. जपानचा ले राल्लिझ देन्युदे. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात १९६७ मध्ये सुरू झाला. गायक-गिटारवादक ताकाशी मिझुतानी. गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधून घुमून परत येणारा कर्कश आवाज, इतका प्रचंड की गाणं त्या भिंतीमागून ऐकू येतं, आणि खाली बास तेच तीन-चार सूर पंधरा पंधरा मिनिटं वाजवतोय. सुरुवातीचा बासवादक १९७० मधल्या जपानी विमान अपहरणात सामील झाला आणि उत्तर कोरियात गेला. मिझुतानीने १९९१ पर्यंत स्वतःहून जवळपास काहीच बाहेर काढलं नाही. तोवर आणि त्यानंतरही लोकांनी ऐकलं ते चोरट्या रेकॉर्डिंगवर.

इथे पोचवायची इच्छाच नव्हती. तरी पोचलं, कारण ऐकणाऱ्यांना राहवलं नाही. हे प्रेम की चोरी?

शुक्राची चांदणी

विकून पैसे केले आणि बँडला दिले नाहीत, तर चोरी. हातोहात कॉपी दिली तर मी प्रेम म्हणेन. मिझुतानी २०१९ मध्ये वारल्यानंतर जुन्या सहकाऱ्यांनी मूळ टेपवरून नीट आवृत्त्या काढल्या आहेत, त्या विकत घ्या. चोरट्या आवृत्तीत फीडबॅकखाली बुडालेला ढोल तिथे स्वच्छ कळतो.

काळी तबकडी

धागा कुठून कुठे गेला, फार मजा आली. आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमचं वाचून मला उत्तर सुचलंय.

डिसकॉर्ड हे वॉशिंग्टनचं लेबल. १९८० मध्ये टीन आयडल्स या पोरांच्या बँडने कार्यक्रमांतून साठवलेले सुमारे ६०० डॉलर होते. बँड मोडला. पैसे वाटून घेण्याऐवजी इयान मकाय आणि जेफ नेल्सनने आपल्याच बँडची रेकॉर्ड काढली. कव्हर कसं बनवतात ते कळावं म्हणून एक इंग्लिश कव्हर उलगडून त्याचा साचा घेतला, आणि मित्रांना बसवून घड्या घातल्या. म्हणजे जो बँड आता नाही त्याच्यासाठी हा खटाटोप! पुढे मकायच्या फुगाझी या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं, कार्यक्रम सगळ्या वयांसाठी, आणि टी-शर्टसुद्धा विकले नाहीत.

आता खरी गंमत. फुगाझी २००२ नंतर वाजवत नाहीत. पण त्यांच्याकडे शेकडो कार्यक्रमांच्या टेप होत्या. २०११ पासून त्यांनी त्या एकेक करून संकेतस्थळावर ठेवल्या, आठशेच्या वर. सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलर. कार्यक्रमाची तारीख, जागा, कुणाकडे छायाचित्र किंवा जाहिरात असेल तर तीही. मंचावरची बोलणी, भांडणं, बिघडलेला अ‍ॅम्प, सगळं जसंच्या तसं. हे कंपनी करणार नाही, कारण यात नफा नाही. पोचवणं सोपं झालं म्हणून हे काम संपलं नाही. जपायचं, खुणा करून ठेवायचं, हे कुणीतरी बसून करावंच लागतं.

चौथी तार

पूर्ण सहमत. आणि निवड. पूर्वी पाकिटाची वाट बघायची, आता लाखो गाण्यांतून हे एक ऐक, असं सांगणारं माणूस लागतं. छोटी लेबलं आजही ५० कॅसेटी काढतात त्या त्यासाठीच.

बेसूर

निवडीचं पटतं, जपण्याचंही. पण मी अजून आवाजावर ठाम आहे. जपलेल्या आठशे टेप ऐकाव्याशा वाटतात, कारण फुगाझीच्या दोन गिटार एकमेकींना प्रश्न-उत्तरं करतात तशी दुसरीकडे ऐकायला मिळत नाहीत.

नवखा

तुमची भांडणं वाचून यादी एवढी झालीय की घाबरलो. सुरुवात कुठून करू?

तिसरा कॉर्ड

रेमोन्सची पहिली, १९७६. चौदा गाणी, २९ मिनिटं, साधारण ६४०० डॉलरमध्ये रेकॉर्ड केलेली. बास एका कानात, गिटार दुसऱ्या कानात. एकेक बाजू बंद करून ऐका, वाजवायलाही शिकाल.

कॅसेटवेडी

त्यानंतर मिनटमेन या बँडचा १९८४ चा दुहेरी अल्बम. चाळिसाच्या वर गाणी, बरीचशी दोन मिनिटांच्या आतली, पंक, फंक, जॅझ सगळं एकत्र. डी. बूनची गिटार बारीक आणि धारदार, माइक वॉटचा बास भरून राहिलेला. एकदम संपवू नका, रोज एक बाजू. आणि फुगाझीच्या टेपांतून आपल्या जन्माच्या वर्षाचा एखादा कार्यक्रम मिळाला तर लावा, मी तसंच एकेक वर्ष घेऊन ऐकतेय. सध्या १९९३ वर आहे, कोणाला त्यातली चांगली तारीख माहीत असेल तर सांगा.